शेजारची तार

वीज खात्यात माणूस मेला की दोन गोष्टी ठरलेल्या. आधी चौकशी बसते, मग प्रशिक्षण लागतं. बैल गेला आणि झोपा केला, असं तुम्ही-आम्ही म्हणू, पण खात्याला तसं म्हणून चालत नाही. खातं त्याला सुरक्षा उजळणी वर्ग म्हणतं. तर उंट खांबावरून पडून मेला त्याला तीन महिने होत आले, तेव्हा विभागातल्या अकरा लाइनमनना हुकूम आला, की रोज दुपारी दोन ते चार प्रशिक्षण केंद्रातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत हजर राहायचं. त्या अकरांत ठेंगू होता. खरं सांगायचं तर हुकूम त्याच्याचसाठी होता, बाकीचे दहा आपले सोबतीला.

उंट आणि ठेंगू ही काही आईबापांनी ठेवलेली नावं नव्हेत. आईबापांची पगाराच्या चिठ्ठीवर होती, आणि तिथेच राहिली होती. उंट सहा फुटांच्या वर गेलेला आणि मान पुढे काढून चालणारा, ठेंगू बूट घालूनही त्याच्या खांद्याशी संपणारा. बावीस वर्षं दोघांनी जोडीने काम केलं. उंटाने चढायचं, ठेंगूने खाली उभं राहायचं. एवढी वर्षं एखाद्याच्या बुटांचे तळवे बघत काढली की तो माणूस तोंडापेक्षा तळव्यांवरून जास्त ओळखीचा होतो, असं ठेंगू एकदा म्हणाला होता. तेव्हा तो गमती करायचा.

त्या दिवशीचं काम काही मोठं नव्हतं. गावाबाहेरच्या एका उंच लोखंडी खांबावरचा इन्सुलेटर, म्हणजे तार धरणारी चिनी मातीची वाटी, तडकला होता, तो बदलायचा. त्या खांबांच्या रांगेवर आधी एकच लाइन होती. वर्षभरापूर्वी नव्या कारखान्यासाठी खांबांच्या दुसऱ्या बाजूने आणखी एक लाइन ओढली होती, ती चालूच होती. आपली लाइन बंद करून घेतली आणि परमिट खिशात आलं. परमिट म्हणजे कंट्रोल रूमचा शब्द: ही लाइन बंद आहे, आणि तुमचा कागद परत आल्याशिवाय आम्ही ती चालू करणार नाही. मग ठेंगूने अर्थिंगचा रॉड लावला. लांब काठीच्या टोकाचा आकडा तारेत अडकवायचा आणि त्याची केबल जमिनीत ठोकलेल्या खुंटीला बांधायची, म्हणजे चुकून कुणी सप्लाय दिलाच तर तो माणसातून न जाता मुकाट जमिनीत जातो.

पुस्तकात लिहिलंय, की वरचा माणूस जमिनीवर उतरला की मगच रॉड काढावा. पण पुस्तक लिहिणाऱ्याला त्या दिवशी आणखी तीन खांब करायचे नसतात. लाइनमन लोकांची आपली वेगळी रीत होती. वरचा 'झालं' म्हणून ओरडला की खालच्याने रॉड काढायला घ्यायचा. तो उतरेपर्यंत इकडे केबल गुंडाळून होते, दहा मिनिटं वाचतात. ठेंगूने बावीस वर्षं असाच काढला, सगळेच काढायचे. परमिट खिशात असताना बंद तारेला रॉड म्हणजे त्यांच्या लेखी नुसता देखावा होता.

उंट 'झालं' म्हणून ओरडला. ठेंगूने रॉड काढला. उंटाने कमरेचा पट्टा सोडला, एक पाय खाली टाकला, आणि मग त्याला आठवलं की पक्कड वर आडव्या पट्टीवरच राहिली. तो वळला, त्याने हात लांब केला आणि त्याचं कोपर तारेला लागलं. मोठा आवाजबिवाज काही झाला नाही. उंट खाली आला.

चौकशीच्या फॉर्मवर एकोणीस प्रश्न होते. नववा प्रश्न होता, 'अर्थिंग लावले होते काय?' ठेंगूने लिहिलं, 'होय.' लावलंच होतं की. कधी काढलं हे कुणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. तो खोटं बोलला नव्हता आणि खरंही बोलला नव्हता. त्याची स्वतःची समजूत अशी होती, की तार बंद होती, ती चालू झाली, म्हणजे कुणीतरी चालू केली. मारलं ते त्या कुणीतरी. आपला रॉड ही मागची छोटी बाब. ती त्याने जिभेखाली ठेवून दिली.

आणि ते कुणीतरी सापडायला वेळ लागला नाही. कंट्रोल रूममध्ये त्या वेळी एकच मुलगी ड्युटीवर होती. खात्यात येऊन तिला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. अपघात झाला त्याच पाच मिनिटांत तिने दुसऱ्या एका गावाच्या लाइनीचं बटण दाबलं होतं, आणि बोर्डावर ती दोन बटणं शेजारी-शेजारी. नोंदी छापणाऱ्या यंत्रातला कागद संपलेला. मग काय, सगळ्यांना हायसं वाटलं. तिला निलंबित केलं आणि चौकशी रखडत राहिली.

ठेंगूला काही वाटेनासं झालं ते उंट पडला त्या दिवसापासून. दुःखाने वेडा झाला असता तर लोकांना बरं वाटलं असतं, पण तसं काही झालं नाही. तो वेळेवर उठायचा, दाढी करायचा, पानात पडेल ते खायचा. भाजीत मीठ नव्हतं तरी खायचा, दुप्पट पडलं तरी खायचा. बायकोने एकदा मुद्दामच दुप्पट घातलं, तर याने पाणी मागितलं, बस. रडू येत नाही म्हणून त्याला वाईट वाटत होतं का? तेही वाटत नव्हतं. हात झोपेत अंगाखाली येऊन बधिर होतो आणि उचलून बघावा तर दुसऱ्या कुणाचा वाटतो, तसा तो अख्खा झाला होता.

उंटाची बायको दर रविवारी यायची. ठेंगू तिला वहिनी म्हणायचा. ती येऊन खुर्चीच्या कडेवर बसायची, चहा अर्धा ठेवायची आणि दर वेळी तेच बोलायची.

"भाऊजी, त्या पोरीला शिक्षा होईल ना हो?"

"चौकशी चालू आहे, वहिनी."

"मी गेले होते तिच्या घरी. दारात उभी राहून बोलले. हात झडतील म्हटलं तुझे. दार लावून घेतलं मेलीने. आतून रडल्याचा आवाज आला, मला बरं वाटलं." मग कप खाली ठेवायची. "मी अशी नव्हते हो भाऊजी."

ठेंगू फरशीकडे बघत बसायचा. ती गेली की कप उचलून आत नेऊन ठेवायचा.

कॉम्प्युटरच्या खोलीत शिकवायला बाई होत्या. पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायच्या, निवृत्त झाल्यावर खात्याने कंत्राटावर घेतल्या होत्या. पन्नाशीला आलेले, खांब चढून चढून तळहातांचे जोडे झालेले अकरा बाप्ये समोर बघून दुसरं कुणी असतं तर फळ्यावर नियम लिहायला घेतले असते. बाईंनी सगळ्यांना एकेका पडद्यासमोर बसवलं आणि शाळेतल्या मुलांचा एक खेळ उघडून दिला.

पडद्यावर एक मोकळं मैदान होतं. डावीकडे एक छोटी चकती, उजवीकडे गोल. कोपऱ्यात एक डबा, त्यात लाल आणि निळे ठिपके.

"लाल म्हणजे धन भार, निळा म्हणजे ऋण भार," बाई म्हणाल्या. "चकतीवर धन भार आहे. सारखे एकमेकांना ढकलतात, वेगळे ओढतात. ठिपके मैदानात हवे तिथे मांडायचे, मग 'सुरू' दाबायचं. चकती गोलमध्ये गेली पाहिजे."

"चकतीला हात नाही लावायचा?" पैलवानाने विचारलं. पैलवान म्हणजे पाच मैलांवरून घोरणं ऐकू येईल असा माणूस.

"नाही."

"ढकलायची पण नाही?"

"नाही. आणि 'सुरू' दाबल्यावर ठिपकेही हलवायचे नाहीत. जे करायचं ते आधी."

"मग हा खेळ कसला, हे तर लग्न झालं," रेडिओ म्हणाला. त्याला बंद करायचं बटण नव्हतं म्हणून तो रेडिओ. सगळे हसले. ठेंगूही हसल्यासारखं तोंड करून बसला.

पहिले दोन दिवस नुसता सावळा गोंधळ होता. पैलवानाने डब्यातले होते नव्हते तेवढे लाल ठिपके चकतीच्या पाठीशी ओतले आणि चकती अशी सुसाट सुटली की गोल, मैदान, पडदा सगळं सोडून गेली. "गेली कुठं?" म्हणून तो खरंच मॉनिटरच्या मागे बघून आला. मग मधे भिंती आल्या. चकती वळवायची, आणि वळवायला हात नाही. चौथ्या दिवसापर्यंत अकराही जण खेळात असे बुडाले की चार वाजले तरी खुर्च्या सोडेनात. एकमेकांच्या पडद्यात डोकावून शिव्या चालू झाल्या. दोघातिघांनी तर घरी पोरांना विचारून चोरून युक्त्या आणल्या.

पाचव्या दिवशी बाईंनी एक चौकोन दाखवला. त्यावर क्लिक केलं की अख्ख्या मैदानात बारीक बारीक बाण उगवले, जिथे काहीच नव्हतं तिथेसुद्धा.

"हे क्षेत्र," बाई म्हणाल्या. "भार इथे ठेवला, पण त्याचा जोर फक्त इथे नाही. आजूबाजूला सगळीकडे आहे. रिकामी जागा रिकामी नसते. तुम्ही चकती तिथे ठेवलीत की मग कळतं, एवढंच."

"म्हणजे मुकादमासारखं," रेडिओ म्हणाला. "तो ऑफिसात आणि इथं आपली पाठ दुखते."

"साधारण तसंच," बाई म्हणाल्या.

ठेंगू सगळ्यांच्या पुढे होता. चिडत नव्हता, घाई करत नव्हता. एक ठिपका ठेवायचा, सोडायचा, चकती कुठे आपटते बघायचं, ठिपका बोटभर सरकवायचा. चाळीस वेळा आपटली तर चाळीस वेळा. बाकीच्यांना वाटलं याला भलतीच गोडी लागली. तसं नव्हतं. दोन तास जात होते आणि ते जाताना टोचत नव्हते, एवढंच त्याला पुरे होतं. पाच लेव्हल त्याने सगळ्यांच्या आधी संपवल्या.

दुसऱ्या आठवड्यात त्याला पत्र आलं. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता अंतिम सुनावणी, साक्षीदार म्हणून हजर राहावं. त्याने पत्र घडी करून खिशात ठेवलं. गुरुवारी दुपारी त्याने सहावी लेव्हल उघडली.

सहाव्या लेव्हलला चकती नव्हती. दोन लांब तारा होत्या, एकमेकींना समांतर. वरची चालू होती. खालची दोन्ही टोकांना तोडलेली, कशालाही न जोडलेली. कोपऱ्यात एक टेस्टर होता, लाइनमनच्या खिशात असतो तसाच. काम एवढंच: टेस्टर खालच्या तारेला लावला तर तो पेटता कामा नये. ठेंगूला वाटलं, बंदच तर आहे, पेटेल कशाला? त्याने टेस्टर लावला. पेटला.

"टेस्टर बिघडलाय," शेजारून रेडिओने निकाल दिला. "खोटा उजेड आहे."

खोटा उजेड सगळ्यांनी पाहिलेला होता. कधीकधी बंद तारेवरही टेस्टर मंद पेटतो. लाइनमन तो झटकतात, पँटला घासतात आणि कामाला लागतात. ठेंगूने बाणांच्या चौकोनावर क्लिक केलं. वरच्या तारेतून बाण निघाले होते, मधली रिकामी जागा ओलांडून खालच्या तारेपर्यंत आले होते, आणि सेकंदाला कितीतरी वेळा उलटसुलट होत होते. त्याने खालची तार दूर नेली, तेव्हा उजेड कमी झाला, पण गेला नाही. मग त्याला डब्यात जमिनीची खूण दिसली. त्याने ती खालच्या तारेला जोडली. टेस्टर विझला. 'शाबास' असं पडद्यावर आलं.

आता सातवी लेव्हल उघडायची. त्याने उघडली नाही. त्याने जमिनीचा जोड काढला. टेस्टर पेटला. त्याने लावला, विझला. काढला, पेटला.

किती वेळ तो हे करत होता त्याचं त्यालाच कळलं नाही. चार वाजले, खुर्च्या सरकल्या, पैलवान जाता जाता त्याच्या पाठीवर थाप मारून गेला. खोलीत बाई आणि तो, एवढेच राहिले.

"बाई, ही खालची तार बंद आहे ना?"

"दोन्ही टोकांना तोडलेली आहे."

"मग हिला सप्लाय कुणी दिला?"

"कुणी नाही."

"असं कसं? कुणीतरी बटण दाबलं असणार."

"हिला बटणच नाहीये," बाई म्हणाल्या. "शेजारची तार चालू आहे. तिचं क्षेत्र इथपर्यंत पोचतं. ही अधांतरी लटकलीय, म्हणून हिच्यावर दाब चढतो. जमिनीला जोडली की उतरतो."

"आणि जोड काढला की?"

"काढल्या क्षणी चढतो."

ठेंगूने पडद्याकडे बघितलं. "माणूस मरेल एवढा?"

बाईंनी चष्मा काढला. त्या नव्या होत्या तरी बहिऱ्या नव्हत्या, उंटाची गोष्ट त्यांच्याही कानावर आलेली असणारच. "दोन तारा किती लांबवर शेजारून जातात त्यावर आहे ते."

"सात किलोमीटर."

बाईंनी चष्मा पुसून परत घातला. मग म्हणाल्या, "उंचावर असेल, पट्टा सोडलेला असेल, तर मरेल."

त्याने कॉम्प्युटर बंद केला, खुर्ची आत सरकवली आणि तो घरी गेला. इतकी वर्षं ती लाइन एकटी होती, म्हणून रॉड लवकर काढूनही कुणी मेलं नाही. शेजारी दुसरी आली आणि रीत तीच राहिली. एवढा साधा हिशोब, आणि तो कळायला शाळेतल्या पोरांचा खेळ लागला. उंटाला त्याने मारलं होतं. हे वाक्य त्याने चालता चालता दोनतीनदा मनात म्हणून पाहिलं. कुठेच लागलं नाही. दुसऱ्याच्या घरची बातमी वाचावी तसं वाटलं.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं, भाजी आणायला सांगावी त्या आवाजात. ती लसूण सोलत होती, ती थांबली.

"कुणाकुणाला सांगितलंत?"

"कुणाला नाही. बाईंना कळलं असेल."

"मग उद्या मुकाट सही करा आणि या," ती म्हणाली. "नोकरीला सात वर्षं राहिलीत. मेलेला माणूस काही परत यायचा नाही. आणि वहिनी? तिला काय तोंड दाखवणार आपण?"

"हं."

तिने आणखी चार पाकळ्या सोलल्या. "ती पोर केवढी आहे हो?"

"असेल पंचविसेक वर्षांची."

बायकोने साली गोळा केल्या, सुरी धुतली, पुन्हा धुतली. "मला काही विचारू नका," ती म्हणाली. त्याने विचारलंही नव्हतं.

सुनावणीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. एक लांब टेबल, टेबलामागे चौकशी अधिकारी, त्यांच्या बाजूला लिहून घेणारा कारकून, आणि अलीकडे ती कंट्रोल रूमची मुलगी. ठेंगूने तिला याआधी फोनवर फक्त ऐकलं होतं. 'काका, परमिट नंबर लिहून घ्या,' असं ती म्हणायची, आणि नंबर दोनदा सांगायची. समोर बघितली तर अगदीच किडमिडी निघाली. उजवा हात तिने मांडीखाली दाबून ठेवला होता.

"या, बसा," साहेब खुशीत होते. "आजचं काम सोपं झालंय. यांनी काल लेखी दिलंय, की बटण आपल्याच हातून दाबलं गेलं. आता तुमची फक्त जबाबावर सही. दहा मिनिटांत मोकळे."

कारकुनाने कागद पुढे सरकवला, पेनही दिलं. वर त्याचं नाव होतं, खाली एकोणीस उत्तरं, नवव्यापुढे 'होय'. ठेंगूने पेनाचं टोपण काढलं. आयतं ताटात वाढून ठेवलं होतं. जिने सोसायचं तिनेच कबूल केलं होतं, आता त्याला काही न बोलताही चालणार होतं. त्याने पेन कागदावर टेकवलं. आपल्याला सुटल्यासारखं वाटेल, अशी त्याची कल्पना होती. तसंही काही वाटलं नाही. मग त्याने त्या मुलीकडे बघितलं. ती पेनाकडे बघत होती, आणि सही व्हावी म्हणून वाट बघत होती.

"साहेब, रॉड काढलेला होता," ठेंगू म्हणाला.

"काय?"

"अर्थिंग लावलं होतं. पण तो वर असतानाच मी काढलं. 'झालं' म्हणाला, मी काढलं. आम्ही तसंच करतो."

साहेबांनी कागद आपल्याकडे ओढला, नववा प्रश्न वाचला, पुन्हा वाचला. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "अहो, शेजारच्या लाइनीची शंका आम्हाला पहिल्याच दिवशी आली होती. पण तुमच्या जबाबात अर्थिंग होतं. अर्थिंग असलं की बंद तारेवर काही चढतच नाही, तो प्रश्न तिथेच मिटतो. म्हणून आम्ही तो विचार सोडला. थेट सप्लायपुढे मात्र ढिला लागलेला रॉड टिकत नाही. मग राहिलं काय? बटण." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "या एका 'होय'मुळे."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी दोन अक्षरांत होते, हे ठेंगूला माहीत नव्हतं.

"नाही साहेब," ती मुलगी म्हणाली. "मीच दाबलं."

सगळे तिच्याकडे वळले.

"मला आठवतंय. चुकीचं बटण दाबलं मी. बोटाला आठवतंय माझ्या." तिने हात मांडीखालून काढला आणि टेबलावर ठेवला, जणू साक्षीदार आणलाय. "पहिल्यांदा मी नाही म्हणत होते. मग सगळे विचारायला लागले, नक्की का, नक्की का. गेलेल्यांच्या बायको दारात येऊन बोलून गेल्या. मग मला नक्की सांगता येईना. आणि गेल्या महिन्यापासून तर मला दिसतंच ते. बटण, बोट, सगळं."

"तू दाबलंस ते दुसऱ्या गावाचं," ठेंगू म्हणाला. "बरोबर बटण होतं ते. आमच्या लाइनीला कुणी हातच लावला नाही. तिला बटण लागलंच नाही."

"मग मला आठवतं कसं?"

याचं उत्तर बाईंच्या खेळात नव्हतं. त्याने जे माहीत होतं तेवढं सांगितलं. टेबलावर दोन बोटं शेजारी-शेजारी धरून तारा दाखवल्या, मधली जागा दाखवली, रॉड कुठे होता आणि तो कधी निघाला ते सांगितलं. ती मान हलवत ऐकत राहिली. "परत सांगा," म्हणाली. त्याने परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगून झालं तेव्हा तिने आपल्या बोटाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. रडेल असं वाटत होतं, पण ती रडली नाही.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही तीन महिने कुठे होता?"

"घरीच होतो," ठेंगू म्हणाला.

म्हणाला, आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. कानशिलं तापली. मान वर होईना. त्याला लाज वाटत होती, एवढी की खुर्चीत बसवेना, आणि त्या लाजेच्या मागून उंट येत होता, लांब मान पुढे काढून, हे त्याला कळत होतं. त्याने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

कारकून इतका वेळ भराभर लिहीत होता, तो थांबला. "हे पण लिहायचं का?" त्याने साहेबांना विचारलं.

साहेबांनी ठेंगूकडे बघितलं.

"लिहा," ठेंगू म्हणाला.